दिवसभर बिझी, मोठं काम मात्र तिथल्या तिथेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेळेच्या नियोजनावर तुमच्या पुरवणीत अधूनमधून लेख येतो आणि मी तो दरवेळी वाचतो पण, कारण आशा काही सुटत नाही. आत काय असणार ते आता पाठ झालंय. सकाळी यादी करा, त्यातली सगळ्यात महत्त्वाची तीन कामं निवडा, मोबाइल लांब ठेवा, नाही म्हणायला शिका, आणि मग तो ८०-२० चा नियम, म्हणजे ऐंशी टक्के निकाल वीस टक्के कामातूनच येतो तो. यात चूक काहीच नाही हो. पण हे सगळे लेख एक गोष्ट धरून चालतात की महत्त्वाचं काम कुठलं हेच माणसाला कळत नाही, म्हणून त्याचा वेळ वाया जातो. माझा यावर विश्वास नाही. कुणालाही विचारून बघा, तुझं असं कुठलं एक काम आहे की जे झालं तर सगळ्यात जास्त फरक पडेल, तर समोरचा फार विचार न करता सांगतो. कुणाला परीक्षेचा अभ्यास करायचाय, कुणाला ती सारखी बिघडणारी सिस्टीम एकदाची नीट करायचीय, कुणाला नोकरी बदलायचीय. माहीत सगळ्यांना असतं. तरी होत नाही, आणि का होत नाही तर त्या कामाची आज कुणी वाट बघत नसतं म्हणून.

जरा नीट बघा. मेल आला की पलीकडे एक माणूस असतो. फोन वाजला की माणूस, मेसेज आला की माणूस, साहेबांनी 'जरा ते बघून सांग ना' म्हटलं की तिथे तर साक्षात साहेबच. प्रत्येक बारक्या कामाच्या टोकाला कुणीतरी उभं असतं आणि ते आत्ता विचारणार असतं. मोठ्या कामाच्या टोकाला कुणीच नसतं. ते आज नाही केलं तर संध्याकाळी कुणी फोन करत नाही, उद्या पण करत नाही, आणि सहा महिन्यांनी जेव्हा त्याची किंमत मोजायची वेळ येते तेव्हा कुठल्या मंगळवारी ते राहिलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग माणूस ज्याची वाट बघितली जातेय ते करतो. त्याला आळशी म्हणा, फोकस नाही म्हणा, पण तो तर दिवसभर राबतोय!

यावर रिसर्च पण झालाय. मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर शी या तिघांनी २०१८ मध्ये एक पेपर छापला, त्यात लोकांपुढे दोन कामं ठेवली होती, एकाला मोबदला जास्त पण मुदत लांबची, दुसऱ्याला मोबदला कमी पण मुदत लगेच संपणारी. आणि ती जवळची मुदतसुद्धा नुसती नावाला होती, म्हणजे घाई करायचं खरं कारणच नव्हतं, तरी बऱ्याच लोकांनी कमी मोबदल्याचं काम उचललं. त्यातही जे स्वतःला एरवी फार बिझी समजतात ते जास्त फसले, हे वाचून मला गंमत वाटली आणि थोडं टोचलं पण. पण त्यातच पुढे एक कामाची गोष्ट आहे, की निवड करायच्या क्षणी जर कुणी त्यांना मोबदल्याची आठवण करून दिली तर हा प्रकार कमी व्हायचा. म्हणजे बुद्धी शाबूत असते, त्या क्षणी कुणीतरी विचारायला हवं असतं इतकंच.

एक उदाहरण सांगतो, ऑफिसचं नाव घेत नाही. लोकांनी ऑनलाइन अर्ज भरायचा आणि अडलं तर हेल्पडेस्कला फोन करायचा असं काम होतं. हेल्पडेस्कवर कायम गर्दी, फोन ठेवला की दुसरा वाजणार, लोक जेवायला पण पाळीपाळीने उठायचे. भिंतीवर स्क्रीन होता, त्यावर आज किती कॉल घेतले आणि सरासरी किती मिनिटांत संपवले याचे आकडे, आणि ते आकडे नेहमी हिरवे. म्हणजे कागदावर बघाल तर टीम एकदम जबरदस्त. तिथे एक नवीन मुलगी लागली. तिने एका ढिल्या दुपारी कॉलच्या जुन्या नोंदी काढल्या आणि एक्सेलमध्ये कारणाप्रमाणे लावल्या, बस, एवढंच केलं, काही मोठं शास्त्र नाही त्यात. तर निम्म्याच्या वर फोन एकाच गोष्टीचे निघाले. अर्जातली जन्मतारखेची चौकट. आधी दिवस टाकायचा की आधी महिना हे तिथे लिहिलेलंच नव्हतं, आणि उलटं टाकलं की वर लाल अक्षरात 'माहिती अवैध आहे' एवढंच यायचं, कुठली माहिती, कुठल्या चौकटीतली, काही नाही. माणूस बिचारा अख्खा फॉर्म परत भरायचा, परत तेच, मग फोन. आणि पलीकडचा ऑपरेटर पण तेच ते उत्तर शांतपणे परत परत द्यायचा, फार सौजन्याने, मुदतीच्या आत, हिरव्या आकड्यात.

तिने फॉर्मवाल्या टीमच्या मागे लागून चौकटीखाली एक ओळ टाकून घेतली, 'आधी दिवस, मग महिना, मग वर्ष', आणि लाल मेसेजमध्ये चूक कुठे आहे ते दाखवायला लावलं. काम एका दुपारचं होतं. फोन धाडकन कमी झाले. आता हे एक दुपारचं काम इतके महिने का झालं नव्हतं? तर सगळे फोन घेण्यात बिझी होते म्हणून! आणि खरी मजा पुढेच आहे. त्या महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये तिचेच कॉल सगळ्यात कमी भरले, कारण ती नोंदी लावत बसली होती आणि फॉर्मवाल्यांच्या मागे फिरत होती, आणि तिला विचारण्यात आलं की तुझा परफॉर्मन्स का घसरलाय. आता सांगा, ती पुढच्या वेळी अशा कामात डोकं घालेल का? तिला तुम्ही 'महत्त्वाची तीन कामं निवडा' हा लेख वाचायला देणार?

म्हणून मला त्या ८०-२० बद्दल जरा बोलायचंय, कारण ज्या गोष्टीतून तो नियम आला ती या हेल्पडेस्कच्याच जातीची आहे. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ (१८४८ ते १९२३), त्याने उत्पन्न आणि संपत्ती लोकांमध्ये किती विषम वाटली गेलीय त्याचा अभ्यास केला. तुमच्या-माझ्या कामाच्या यादीशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचं नाव कामाला चिकटवलं ते जोसेफ ज्युरन या क्वालिटीवाल्या इंजिनिअरने, १९४० च्या दशकात. त्याला दिसलं की मालातले बहुतेक दोष थोड्याच कारणांमुळे येतात, म्हणून आधी ती थोडी कारणं शोधून काढा. पुढे १९७५ मध्ये ज्युरननेच लिहिलं की यासाठी पॅरेटोचं नाव वापरणं ही आपली चूक होती. असो. महत्त्वाचं काय, तर त्याची सुरुवात मोजण्यापासून होती. दोष मोजा, कारणाप्रमाणे लावा, मग ठरवा. त्या मुलीने केलं तेच. आपण मात्र मोजायचं सोडून दिलं आणि आकडा तेवढा उचलला, आता जो तो न मोजताच सांगतो की माझी ही वीस टक्के कामं महत्त्वाची, आणि बहुतेक वेळा ती त्याच्या आवडीची कामं असतात हा योगायोग बघा.

आणि ८० अधिक २० शंभर होतात म्हणून लोकांना वाटतं की हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. तसं नाहीये. एक आकडा निकालाचा, दुसरा मेहनतीचा. ९० टक्के निकाल ३० टक्के कामातून येऊ शकतो, किंवा ७० टक्के निकाल १० टक्क्यातून, बेरीज शंभर यायलाच हवी असं काही नाही. पण समजा ८०-२० च धरलं, तर साधा हिशेब करा: महत्त्वाच्या कामाच्या एका तासाला चार (८० भागिले २०) इतका निकाल पडतो आणि उरलेल्या कामाच्या एका तासाला पाव (२० भागिले ८०). सोळा पट फरक आहे! म्हणजे मोठ्या कामाचा एक तास मीटिंगमध्ये गेला तर तो भरून काढायला बारक्या कामांचे सोळा तास लागतील, आठ तासांचा दिवस धरला तर अख्खे दोन दिवस. हा हिशेब कुणी कुणाला मीटिंगला बोलावताना करत नाही, 'फक्त एक तास' असंच म्हणतात.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की मी पण तेच सांगतोय, बाकीचं सोडा आणि मोठं तेवढं करा. नाही. इथेच माझं या लेखांशी भांडण आहे. बाकीची ऐंशी टक्के कामं सोडली म्हणजे ती जातात कुठे? मीटिंगची नोंद कोण लिहितं, नवीन आलेल्याला कोण शिकवतं, बॅकअप नीट झालाय का हे कोण बघतं, प्रिंटरमध्ये कागद कोण घालतं? एक माणूस 'मी आता फक्त हाय इम्पॅक्ट कामच करणार' असं ठरवतो तेव्हा त्याची उरलेली कामं बाजूच्या टेबलावर जाऊन पडतात, आणि बाजूच्या टेबलावर बहुतेक वेळा कुणीतरी ज्युनियर असतो किंवा जिला नाही म्हणता येत नाही अशी बाई असते. घरात पण तेच. एकाचा अभ्यास किंवा करिअर हे महत्त्वाचं काम ठरलं की औषधं, बिलं, शाळेच्या सूचना हे सगळं दुसरीच्या डोक्यात जाऊन बसतं, आणि तिला तर कुणी विचारलेलंच नसतं की बाई तुझं मोठं काम कुठलं. ज्युरनसुद्धा आधी त्या उरलेल्या कारणांना क्षुल्लक म्हणायचा, नंतर उपयोगी म्हणायला लागला, म्हणजे बघा.

तेव्हा उरलेल्या कामांचं काय करायचं याला माझ्या मते एक क्रम आहे आणि तो क्रम उलटा लावला की सगळं बिनसतं. पहिलं बघायचं की हे काम मुळात बंदच करता येईल का. दर सोमवारी जाणारा एखादा रिपोर्ट असतो, तो कुणीतरी कधीतरी मागितला होता, तो माणूस पण बदलून गेला, रिपोर्ट चालूच. अशा रिपोर्टवर सरळ लिहून पाठवावं की पुढच्या महिन्यापासून हा बंद करतोय, कुणाला हवा असेल तर कळवा. बघा किती जण कळवतात. बंद होत नसेल तर ते लहान करायचं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकात लिहिलं होतं की जितका वेळ असेल तितकं काम फुगतं, आणि हे बारक्या कामांना फार लागू पडतं, मेलला दिवसभर दिला तर मेल दिवसभर चालतो, दोन ठरलेल्या वेळा दिल्या तर दोन वेळांत बसतो. आणि हे दोन्ही करून झाल्यावर जे उरेल ते वाटून घ्यायचं, उघडपणे, सगळ्यांसमोर, पाळी लावून. आपल्याकडे पहिली दोन पावलं कुणी टाकतच नाही, सरळ तिसऱ्यावर उडी, आणि तेही वाटून नाही, ढकलून.

पार्किन्सनचं मोठ्या कामाला मात्र तसंच्या तसं लावू नका. मोठं काम फुगत नाही, ते आपल्याला आधीच लहान दिसत असतं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलंय की आधीची तशीच कामं लांबली होती हे माहीत असूनसुद्धा माणूस पुढच्या कामाचा अंदाज कमीच धरतो. त्यामुळे 'रविवारी दोन तास बसलो की संपेल' असं जे काम तीन रविवार चाललंय, त्याला आणखी एक रविवार देऊन काही होत नाही. त्याला रोजचा तुकडा लागतो, आणि तो तुकडा सलग लागतो. सोफी लेरॉय हिचा २००९ चा अभ्यास आहे, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर डोक्याचा थोडा भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. म्हणून मध्ये 'एकच मिनिट' विचारायला येणारा माणूस एक मिनिट घेत नाही. तो गेल्यावर तुम्ही स्क्रीनकडे बघता, शेवटची ओळ परत वाचता, त्याच्या आधीची वाचता, आपण इथे काय म्हणणार होतो ते आठवत बसता, तेवढ्यात दुसरा येतो.

आता या सगळ्यावर उपाय काय म्हणाल तर, मोठ्या कामाच्या टोकाला कुणी नसतं असं मी वर म्हटलं ना, मग त्याची वाट बघणारा माणूस तयार करा. शिस्त, इच्छाशक्ती वगैरेचे नव्याचे नऊ दिवस असतात. पण दर गुरुवारी एक जण तुम्हाला फोन करून विचारणार असेल की त्या कामाचं या आठवड्यात काय झालं, नुसतं एवढंच, तर बुधवारी संध्याकाळी तुम्ही आपोआप ते उघडता. मग तो माणूस मित्र असेल, सहकारी असेल, बायको किंवा नवरा असेल, कुणी का असेना, फक्त त्याने 'किती बिझी आहेस' हे विचारायचं नाही. ऑफिसात हे साहेबाने करायचं असतं. आठवड्याच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न जर 'पेंडिंग किती' असा असेल तर लोक पेंडिंगच संपवणार, आणि पहिला प्रश्न 'या आठवड्यात असं काय केलं की ज्यामुळे पुढच्या आठवड्यातलं काम कमी होईल' असा असेल तर सहा महिन्यांत टीम वेगळी दिसेल. तो एक प्रश्न त्या हेल्पडेस्कवर कुणी विचारला असता तर जन्मतारखेची चौकट पहिल्याच महिन्यात दुरुस्त झाली असती आणि ती मुलगी रिव्ह्यूमध्ये मान खाली घालून बसली नसती.

कुणी म्हणेल की कशाचा इम्पॅक्ट मोठा होणार हे आधी कुठे कळतं? बरोबर आहे, पूर्ण नाहीच कळत. रिचर्ड हॅमिंग हा गणिती बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत होता, त्याने १९८६ च्या एका भाषणात सांगितलंय की तो जेवणाच्या टेबलावर केमिस्ट्रीवाल्यांना जाऊन विचारायचा, तुमच्या विषयातले महत्त्वाचे प्रश्न कुठले, मग काही दिवसांनी विचारायचा की तुम्ही त्यातल्या कशावर काम करताय, आणि शेवटी, तुम्ही करताय ते महत्त्वाचं नसेल तर मग करताय कशाला? लोकांनी त्याला टेबलावर घेणं बंद केलं हे सांगायला नको. पण त्यातल्या एकाने नंतर येऊन सांगितलं की मी त्या प्रश्नावर उन्हाळाभर विचार केला, आणि पुढे त्याची प्रगतीही झाली. म्हणजे उत्तर आधी माहीत नसलं तरी प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो, आणि तो थोडा नावडता होणार हे धरूनच चालायचं.

आणि एक प्रकार असा आहे की ज्याचा इम्पॅक्ट कधी दिसतच नाही, कारण तो झाला म्हणजे काही घडतच नाही. बॅकअप घेऊन तो परत उघडतोय का हे तपासणं, जिन्याचा सैल झालेला कठडा वेळेत घट्ट करणं, आपलं काम दुसऱ्याला कळेल असं लिहून ठेवणं. सिस्टीम पडल्यावर रात्रभर जागून ती उभी करणाऱ्याचं कौतुक होतं, फोटो पडतो ग्रुपवर, आणि ती पडूच नये म्हणून वर्षभर खटपट करणारा 'याला काय काम असतं' या यादीत. आपण सगळे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला टाळ्या वाजवतो. अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर याचं ते, तातडीचं असतं ते महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं असतं ते तातडीचं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे, १९५४ च्या भाषणात त्याने ते एका कॉलेजच्या माजी अध्यक्षाचं म्हणून सांगितलं होतं, काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही असं बघून लावायचा चार चौकटींचा तक्ता नंतर लोकांनी काढला. पण त्या तक्त्यात महत्त्वाच्या पण तातडीच्या नसलेल्या चौकटीपुढे 'याची वेळ ठरवा' असं लिहून लोक मोकळे होतात. वेळ ठरवून काय होणार, त्या वेळेला साहेबाचा फोन आला की पहिला बळी त्याच चौकटीचा.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की या विषयावर पुढचा लेख टाकाल तेव्हा तो काम करणाऱ्यांसाठी नको, काम मागणाऱ्यांसाठी टाका. मॅनेजर, मुख्याध्यापक, खातेप्रमुख, घरातले मोठे, जो कोणी दुसऱ्याच्या वेळेवर हुकूम चालवतो तो. त्यांना विचारा की गेल्या वर्षभरात तुम्ही कुठला रिपोर्ट मागायचं बंद केलंत, कुठली मीटिंग कायमची काढून टाकलीत, आणि कुणाला 'आज फोन नाही उचललास तरी चालेल' असं स्वतःहून सांगितलंत. नावं छापू नका, नुसती उत्तरं छापा, आणि उत्तर 'एकही नाही' असं आलं तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक